व्यसनमुक्ती समुपदेशक काय करतो, आणि त्याचं शिक्षण काय असावं?

“डॉक्टर, याला जरा समजावून सांगा.” पहिल्या भेटीत घरची माणसं हेच म्हणतात. आम्ही डॉक्टर नाही. आणि समजावून तर तुम्ही वर्षानुवर्षं थकला आहात.

समुपदेशक आधी ऐकतो. तलफ नेमकी कधी येते? पगाराच्या दिवशी, भांडण झाल्यावर, की संध्याकाळी ठरावीक चौकातून जाताना? एका पेशंटचं उत्तर सापडायला चार भेटी लागल्या. मग त्यांनी घरी जायचा रस्ता बदलला, आणि संध्याकाळी सात वाजता बायकोला फोन करायचा असं ठरलं. आमचं काम हे असं, बारीकसारीक गोष्टींचं असतं.

गोळ्या-औषधं मात्र मनोविकारतज्ज्ञच देतात. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, चहाचा कपही धरवत नाही. पुढच्या 2-3 दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून “आजपासून बंद” अशी शपथ घालण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

एक कळकळीची विनंती: आमटीत गुपचूप कालवायची पावडर कुणी दिली तर घेऊ नका. दारू सोडवायच्या काही औषधांवर माणूस प्यायला तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याला औषध द्यायचं, त्याला ते माहीत असायलाच हवं.

आता शिक्षण. ‘समुपदेशक’ अशी पाटी पाहून थांबू नका, विचारा. आमच्याकडे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्रात एमए झालेली आणि व्यसनमुक्ती केंद्रात काम केलेली माणसं आहेत. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते; क्रमांक मागायला संकोच करू नका. स्वतः व्यसनातून बाहेर आलेला कार्यकर्ताही मोलाचा असतो. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये अशी कितीतरी माणसं उभी राहिली. पण अनुभवाला प्रशिक्षणाची जोड हवी, असं आमचं ठाम मत आहे.

मधेच पुन्हा घेतली, तर लपवू नका. त्याच आठवड्यात या. रागावणार कुणी नाही.

पहिली भेट साधारण तासाभराची. चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणा. तो यायला तयार नसेल, तर तुम्ही एकट्या आलात तरी चालेल. सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइनही आहे.