लवचिक गॅसनळी

सिलिंडर किंवा गॅसच्या पक्क्या नळापासून शेगडी, गिझर यांसारख्या उपकरणापर्यंत गॅस नेणारी, वाकवता येणारी नळी. लोखंडी नळाला प्रत्येक वळणावर सांधा द्यावा लागतो. ही नळी वळणे स्वतःच घेते. सांधे कमी, म्हणून गळतीच्या जागाही कमी. पण जी वाकते ती घासली जाते, चेपते आणि टोचलीही जाते. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत : रबरी आणि नालीदार पोलादी. पहिली सतत नजरेसमोर ठेवायची असते, दुसरी भिंतीत लपवायची. त्यामुळे दोघींचे बसवण्याचे नियम जवळजवळ उलटे आहेत.

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत पहिलीच आढळते. नारिंगी रंगाच्या या ‘सुरक्षा’ नळीच्या रबरात पोलादी तारांची जाळी असते. पूर्वीच्या हिरव्या नळीत ती नव्हती आणि उंदरांचे फावत असे. तिच्यासाठी आयएस 9573 हे भारतीय मानक आहे. पाच वर्षांनी ती बदलायची असते, धडधाकट दिसली तरीही. लांबी साधारण दीड मीटरच्या आत ठेवावी आणि नळी अखंड असावी; दोन तुकडे जोडून काम भागवू नये. रेग्युलेटरच्या तोंडावर कडी असतात, त्यांवरून नळी पूर्ण आत जाईपर्यंत दाबावी लागते. ती कडक असल्याने टोक थोडा वेळ गरम पाण्यात बुडवले की काम सोपे होते. मग सांध्याला साबणाचा फेस लावून पाहायचा. बुडबुडा फुगला तर गळती आहे. काडी पेटवून तपासणारे महाभाग अजूनही भेटतात.

नळीवर तेल उडू नये म्हणून तिला कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळण्याची सवय सर्रास दिसते. हेतू चांगला, परिणाम वाईट : भेगा झाकल्या जातात. ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे असते. मॉड्युलर किचनने आणखी एक अडचण आणली आहे. सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात जातो आणि नळी ग्रॅनाइटला पाडलेल्या भोकातून वर येते. त्या भोकाची कड धारदार असते, शेजारची ट्रॉली रोज नळीला ढकलते, आणि नेमका तोच भाग कुणाला दिसत नाही.

कपाटाला हवा खेळायला जागा कुठे ठेवायची हे गॅसवर ठरते. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड. तो गळून तळाशी साचतो, म्हणून झरोका खाली हवा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, तो वर चढतो. सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतलेल्या घरात कपाटाच्या वरच्या बाजूलाही वाट लागते, आणि हे फर्निचर करणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. वास आल्यास रेग्युलेटर किंवा कॉक बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. एलपीजी गळतीसाठी 1906 हा तातडीचा क्रमांक आहे. फोन मात्र घराबाहेर जाऊन करावा.

नालीदार पोलादी नळी जपानमध्ये विकसित झाली. भूकंपाच्या हादऱ्यात ताठ नळ तुटतात, ही लवते. अमेरिकेत 1990 च्या सुमारास ती घरबांधणीत आली. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर, वर बहुधा पिवळे प्लॅस्टिकचे आवरण. तिथल्या लाकडी सांगाड्याच्या भिंतींतून ती खांबांना पाडलेल्या भोकांतून नेतात. पुढे कधीतरी कुणी फोटो टांगायला खिळा ठोकणार, हे धरून त्या जागी कठीण पोलादाच्या पट्ट्या बसवतात. जमिनीखालून नेताना तिला वेगळ्या पाइपात घालतात. एका कंपनीची नळी आणि दुसऱ्या कंपनीचे जोड एकत्र वापरत नाहीत. काम झाल्यावर उपकरणे जोडण्याआधी हवेच्या दाबाने चाचणी घेतात.

तिचा खरा वैरी वीज. घरावर किंवा जवळपास वीज पडली की नळी आणि शेजारची धातूची वस्तू यांच्यामध्ये ठिणगी उडते, पातळ पत्र्याला भोक पडते आणि गॅस पेट घेतो. म्हणून घरातली गॅसची धातूची यंत्रणा तांब्याच्या जाड तारेने विजेच्या अर्थिंगशी जोडतात. अमेरिकी मापाने ही तार किमान 6 गेजची लागते. तारेची पकड मात्र ताठ नळावर किंवा पितळी जोडावर बसवायची, नालीदार नळीवर कधीच नाही.