वर्गत्रिपदीचे अवयव

चलाचा सर्वांत मोठा घातांक २ असलेल्या तीन पदांच्या राशीला वर्गत्रिपदी म्हणतात. तिचे सामान्य रूप अय² + बय + क असे असून अ शून्य नसतो. ही राशी दोन एकघाती राशींच्या गुणाकाराच्या रूपात मांडणे म्हणजे तिचे अवयव पाडणे. येथे चल म्हणून ‘य’ घेतला आहे. भारतीय बीजगणितात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि तिची खूण ‘या’ अशी करीत.

शाळेत शिकवली जाणारी रीत मधले पद फोडण्याची. ६य² − ५य − ६ ही राशी घ्या. पहिला सहगुणक आणि स्थिरपद यांचा गुणाकार −३६. ज्यांचा गुणाकार −३६ आणि बेरीज −५ येते अशा संख्या −९ आणि ४.

६य² − ९य + ४य − ६
= ३य(२य − ३) + २(२य − ३)
= (२य − ३)(३य + २)

४य आधी लिहिले तरी उत्तर तेच येते. पण अ आणि क यांचाच गुणाकार का घ्यायचा, हे बहुधा सांगायचे राहून जाते. (पय + फ)(रय + स) याचा विस्तार केला की मधल्या पदाचा सहगुणक पस + फर मिळतो. पस आणि फर यांचा गुणाकार पफरस, आणि अ × क (म्हणजे पर × फस) सुद्धा तोच. पाठ केलेल्या रीतीमागे एवढेच आहे.

ताळ्यासाठी य = १० ठेवावा. मूळ राशी ५४४, अवयव १७ आणि ३२; १७ × ३२ = ५४४. चिन्हांची चूक बहुतेक वेळा येथेच पकडली जाते.

जोडी सापडेलच असे नाही. सहगुणक पूर्णांक असतील, तर विवेचक ब² − ४अक पूर्ण वर्ग असला तरच परिमेय सहगुणकांचे अवयव पडतात. य² + ५य + ६ चा विवेचक १, य² + ५य − ६ चा ४९. दोन्हींचे अवयव पडतात. य² + ५य + ५ चा मात्र ५, म्हणून तिच्या अवयवांत √५ येतो. विवेचक ऋण असेल तर वास्तव अवयवच नाहीत, जसे य² + १.

प्राचीन भारतीय गणितींनी मधले पद फोडले नाही, घालवले. वर्गसमीकरणाच्या या प्रकाराला भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात ‘मध्यमाहरण’ असे नाव आहे. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण चौपट सहगुणकाने गुणण्याचा त्यांचा नियम भास्कराचार्यांनी उद्धृत केल्यामुळे टिकला. वरच्याच राशीला ४ × ६ = २४ ने गुणले, तर

(१२य − ५)² − १३² = (१२य − १८)(१२य + ८)

असे दोन वर्गांच्या वजाबाकीचे रूप मिळते. पहिल्या कंसातून ६ आणि दुसऱ्यातून ४ बाहेर काढून २४ ने भागले की तेच अवयव हाती येतात. आकडे मोठे होतात खरे, पण जोडी शोधत बसावे लागत नाही, आणि विवेचक (येथे १६९) आपोआप समोर येतो.