कोंबड्यांच्या आवारात पऱ्हाटीची कुट्टी

आषाढात परभणीकडच्या काळ्या रानात एखादी गावरान कोंबडी धरून तिचा पाय बघा. बोटांच्या टोकांना चिखलाचे गोळे वाळून दगडासारखे झालेले असतात. ओढून काढायला गेलं तर नखही उपटून येतं. कोमट पाण्यात पाय भिजवत ठेवूनच ते सोडवावे लागतात.

हा गुण मातीचा. बेसॉल्ट झिजून झालेल्या आपल्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर. तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि पाणी खाली उतरणं जवळजवळ थांबतं. उन्हाळ्यात भेगाळते तीही हीच. शेताला उघडीप मिळाली की वाफसा येतो, पण कोंबड्यांनी तुडवलेल्या आवारात राडाच राहतो.

त्यात विष्ठा पडते. कोंबडी वेगळी लघवी करत नाही. विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि पाखरांचे डोळे चुरचुरतात. रक्ती हगवण लावणाऱ्या कॉक्सिडिया या परजीवीलाही ओल आणि ऊबच लागते. ती मिळाली तर विष्ठेतून पडलेले त्याचे बीजकोश एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात.

सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, घरची, म्हणून बहुतेक जण आवारात तीच पसरतात. ती लवकर कुजते, चिखलात कालवली जाते, आणि बुरशी धरली तर पाखरांची फुप्फुसं बिघडवते. लाकडाचा बारीक भुसा छताखाली चांगला. उघड्यावर पाणी धरून बसतो.

मी पऱ्हाटीची, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या वाळल्या झाडांची, कुट्टी सांगेन, बोटभर लांबीच्या जाड तुकड्यांची. लाकडासारखी असल्याने ती सावकाश कुजते, फटींतून पाणी निथळतं आणि वरचा थर लवकर सुकतो. तिच्यातल्या भरपूर कार्बनमुळे विष्ठेतला नायट्रोजनही बराचसा धरला जातो. हीच पऱ्हाटी आपण दरवर्षी बांधावर जाळतो, याचं वाईट वाटतं. कुट्टी करण्याआधी उरलीसुरली बोंडं मात्र तोडून नष्ट करा, त्यांत गुलाबी बोंडअळी दडून बसते.

नुसती कुट्टी टाकून भागत नाही. वैशाखात जमीन कडक असतानाच उतार काढून मुरूम पसरा, पाणी शिंपडून धुम्मसने चोपा, कडेने चर खणा. ओल्या काळ्या मातीवर टाकलेला मुरूम ती गिळून टाकते. त्यावर अर्धा फूट कुट्टी. पावसाळ्यात अधूनमधून खालची मूठभर दाबून बघा: लाडू वळला आणि तसाच राहिला, तर थर उकरून वर कोरडी कुट्टी टाकायची वेळ झाली.