वसईच्या पडक्या चर्चचं तैलचित्र: घरी लावण्याआधी

आपण घेतलेलं चित्र वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चचं आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेल्या या किल्ल्यात आज चर्चच्या भिंती छपराविना उभ्या आहेत. पाखरांनी टाकलेली वडा-पिंपळाची बी चुन्याच्या फटीत रुजते, मूळ जाड होतं आणि दगड जागचा हलतो. पुढे कधी कधी तेच मूळ भिंतीला आवळून धरतं. आम्हाला चित्रात हेच हवं होतं, म्हणून मुळं आणि दगड वेगवेगळे रंगवलेले नाहीत. एकाच फटकाऱ्यात दोन्ही आहेत.

“दगड नीट दिसत नाहीत,” असं बरेच जण म्हणतात. सहा-आठ पावलं मागे जाऊन पाहा. ही इम्प्रेशनिस्ट, म्हणजे दृक्प्रत्ययवादी पद्धत आहे. त्यात वस्तूपेक्षा तिच्यावर पडलेला उजेड रंगवतात. याच पद्धतीचे फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९२ ते ९४ या काळात फ्रान्समधल्या रूआँच्या कॅथीड्रलची तीसहून अधिक चित्रं काढली. भिंत तीच, पण ऊन दर वेळी वेगळं. आमचे चित्रकारही याच कारणाने एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त काम करत नाहीत. सावली सरकली की ब्रश खाली ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा तिथे बसायचं.

सावल्या जांभळ्या का, हाही नेहमीचा प्रश्न. उघड्यावरच्या सावलीत ऊन नसलं तरी निळ्या आभाळाचा उजेड येतोच, आणि उन्हातल्या पिवळसर दगडाशेजारी तो डोळ्याला आणखी निळा-जांभळा भासतो. काळा रंग लावला असता तर भिंत मेलेली दिसली असती. कृपया सावल्या गडद करून मागू नका. ते आम्ही करत नाही.

चित्र ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅनव्हासला मागून बुरशी धरते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून दिले आहेत, ते काढू नका. त्यांच्यामुळे मागे हवा खेळती राहते. ओलं फडकं अजिबात नको, धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. थेट उन्हापासूनही चित्र लांब ठेवा.

तैलरंग पाणी उडून वाळत नाहीत. हवेतला प्राणवायू घेऊन तेल हळूहळू घट्ट होतं आणि जाड थराला महिनोन् महिने लागतात. म्हणून चित्राला अजून शेवटचं वॉर्निश दिलेलं नाही. वर्षभराने चित्र घेऊन या, आम्ही ते लावून देऊ. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.