दोन लाइनी घेतल्या, मग वेग का वाढेना?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या मशिन शॉपच्या ऑफिसात इंटरनेटच्या दोन लाइनी असल्या, तर त्यात आता नवल नाही. एक मोठ्या कंपनीची फायबर, दुसरी गल्लीतल्या केबलवाल्याची. दोन्ही १०० एमबीपीएसच्या, दोन्ही एकाच ड्युअल-वॅन, म्हणजे दोन लाइनी घेणाऱ्या, राउटरला जोडलेल्या. स्पीड टेस्ट लावली की काटा २००च्या आसपास जातो, मालक खूश. मग गिऱ्हाइकाने पाठवलेली कास्टिंगच्या ड्रॉइंगची जडशीळ फाइल उतरवायला घेतली, की वेग १००च्या पुढे सरकत नाही. शिव्या बसतात राउटर लावून देणाऱ्याला. त्या बिचाऱ्याची काही चूक नसते.

गोम आहे नॅटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या अदलाबदलीत. इंटरनेटवरचे आकडी पत्ते देण्याची जुनी पण अजून चालणारी पद्धत म्हणजे आयपीव्ही४; तिचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जगाला पुरायचे कसे? म्हणून ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते देतात. ते बाहेर चालत नाहीत. बाहेर पडणाऱ्या पॅकेटवरचा, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यावरचा, खासगी पत्ता काढून राउटर तिथे लाइनीचा सार्वजनिक पत्ता घालतो आणि कचेरीतल्या आवक-जावक रजिस्टरसारखी नोंद ठेवतो: १९२.१६८.१.२३, पोर्ट (म्हणजे त्या पत्त्यावरचा दार क्रमांक) ५१५१४ वरून आलेलं पॅकेट बाहेर ४००१२ या पोर्टवरून गेलं. उत्तर ४००१२वर आलं, की नोंद बघून ते त्या कॉम्प्युटरकडे. नोंदच नसलेलं पॅकेट सहसा दारातूनच परत.

दुसरी लाइन म्हणजे दुसरा सार्वजनिक पत्ता. आणि टीसीपी, म्हणजे डेटा न गळता क्रमाने पोचवायची नेहमीची पद्धत, तिचं कनेक्शन ओळखलं जातं ते दोन्ही टोकांचे पत्ते आणि दोन्ही पोर्ट, या चौघांवरून. मध्येच पत्ता बदलला तर सर्व्हर ते पॅकेट त्या कनेक्शनचं मानतच नाही. म्हणून राउटर सुटी पॅकेटं वाटत बसत नाही, अख्खी कनेक्शनं वाटतो. एकदा लाइन ठरली, की शेवटपर्यंत तीच. ब्राउझरमधून उतरणारी फाइल बहुधा एकाच कनेक्शनवर येते. स्पीड टेस्ट मात्र एकदम बरीच कनेक्शनं उघडते, ती दोन्हीकडे विभागली जातात, आणि आकडा फुगतो.

खरा वैताग बँकेच्या साइटवर. लॉगिन एका लाइनीवरून झालं आणि पुढच्या पानाचं कनेक्शन दुसरीवरून गेलं, तर काही साइटी पत्ता बदलला म्हणून थेट बाहेर काढतात. तेही नेमकं पगार काढायच्या दिवशी! एका कॉम्प्युटरची एका साइटकडची सगळी कनेक्शनं एकाच लाइनीवर ठेवायची सेटिंग बऱ्याच राउटरांत असते. वाटणी थोडी असमान होते, पण माझ्या मते ती विकतानाच चालू करून द्यावी.

रस्ता खोदताना फायबर तुटली, तर नवी कनेक्शनं दुसऱ्या लाइनीने जातात. चालू असलेली टीसीपी कनेक्शनं मात्र तुटतात. २०२१ साली प्रमाणित झालेल्या क्विक या टीसीपीला पर्यायी पद्धतीत कनेक्शनला स्वतःची वेगळी ओळख असते, त्यामुळे पत्ता बदलूनही ते टिकू शकतं. अर्थात, समोरच्या सर्व्हरने आणि आपल्या ब्राउझरने, दोघांनीही ती सोय ठेवलेली असली तर.