गायिका गेली ते ठीक, पण डग्गा कुठे गेला?

बरीच वर्षं झाली, सोसायटीच्या गणपतीत शेजारच्या काकूंना गायचं होतं आणि त्यांच्या गाण्याचा कराओके ट्रॅक कुठेच मिळेना, तेव्हा मी फुशारकीने म्हटलं की ओरिजिनलमधूनच आवाज काढून देतो, त्यात काय एवढं. एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं. गायिका बऱ्यापैकी गायब झाली खरी, पण जाताना बेस गिटार, ड्रमची किक आणि डग्ग्याची घुमक, सगळं घेऊन गेली. उरलं ते जुन्या ट्रान्झिस्टरवर लागल्यासारखं पिचपिचीत काहीतरी.

झालं काय होतं, तर त्या बटणाला गायिका म्हणजे काय हे कळतच नाही, त्याला फक्त वजाबाकी येते. स्टिरिओ गाण्यात डावा आणि उजवा असे दोन चॅनेल असतात, आणि गायकाचा आवाज दोन्हींत अगदी सारखा टाकतात म्हणून तो समोर मधोमध ऐकू येतो. समजा डावीकडे आवाज ५, बेस ३, गिटार २ आणि उजवीकडे आवाज ५, बेस ३, बासरी १. डाव्यातून उजवं वजा केलं की ५ मधून ५ गेले, आवाज शून्य, पण ३ मधून ३ पण गेले ना! राहिली गिटार आणि उलटी झालेली बासरी (उलटी लाट कानाला सुलटीसारखीच वाटते, त्यामुळे ती चिंता नाही). म्हणजे जे जे मधे बसलंय ते ते साफ.

मग बेसला मधे बसवतात कशाला? एक तर खर्जातला आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, ५० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ५० कंपनं) लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर असते आणि आपल्या दोन कानांत अंतर जेमतेम वीतभर, त्यामुळे बाजूला ठेवून फारसा फायदा नाही, उलट मधे ठेवला की जोर दोन्ही स्पीकरवर वाटला जातो. पण मला आवडलेलं कारण तबकडीचं आहे. स्टिरिओ एलपीत एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन चॅनेल कोरलेले असतात, आणि त्यामुळे होतं असं की दोन्ही चॅनेलची बेरीज सुईला आडवी हलवते आणि वजाबाकी तिला वर-खाली हलवते. जोरकस बेस एकाच बाजूला ठेवला तर सुई इतकी वर-खाली होते की खाचेतून उडीच मारायची. म्हणून इंजिनियर लोक बेस मुद्दाम मधे आणायचे, म्हणजेच वजाबाकीतून बेस काढून टाकायचे, आणि आपण नेमकी तीच वजाबाकी करून बेस शोधत बसतो!

उपाय सोपाय. आवाज आणि बेस एकाच जागी बसलेत, पण एकाच उंचीवर नाहीत. बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या, आणि बाईचा आवाज बहुतेक वेळा १६५ च्या वर सुरू होतो. मग १५० च्या खालचा भाग जसाच्या तसा ठेवायचा आणि वजाबाकी फक्त त्याच्या वर करायची. ऑडॅसिटी या फुकटच्या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये गायकाचा आवाज कमी करायचा जो इफेक्ट आहे त्यात यासाठीच खालची मर्यादा दिलेली असते, आधीपासून १२० वर असते, ती कानाने ऐकून वर-खाली करायची. पुरुष गायक असेल तर पंचाईत, कारण त्याचा आवाज ८५-१०० पर्यंतही उतरतो, मग मर्यादा खाली आणा नाहीतर ट्रॅकमध्ये कोणीतरी तोंड बंद करून हुंकार देतंय असं ऐका. शिवाय फिल्टर म्हणजे सुरी नाही, उतार आहे, मर्यादेच्या वरचंही थोडं झिरपतंच.

आणि एवढं करूनही बेस ओरिजिनलसारखा येत नाहीच. कुठल्याही स्वरात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे अंशही असतात, तारेचा तो टणकपणा त्यांच्यातच असतो, आणि त्यांतले बहुतेक १५० च्या वर असल्यामुळे वजाबाकीत जातात. मोबाईलच्या बारक्या स्पीकरमधून ५०-६० हर्ट्झ बाहेर पडतच नाही, तिथे आपण बेस ऐकतो तो या वरच्या अंशांवरून, मूळ स्वर मेंदू आपला आपण भरून घेतो. म्हणजे आपण वाचवलेला बेस मोबाईल वाजवू शकत नाही आणि मोबाईल वाजवू शकतो तो बेस आपण उडवलाय! तपासायचं तर हेडफोनवरच तपासा. आणि जुनं मोनो गाणं असेल तर नादच सोडा, दोन्ही बाजू सारख्याच, वजा केल्यावर हातात शांतता.

आता २०१९ मध्ये आलेल्या स्प्लीटर, डेमक्स वगैरे गाणं सुटं करणाऱ्या प्रोग्रॅम्समुळे हे सगळं जरा जुनं झालंय. ती प्रोग्रॅम्स नुसती जागा बघत नाहीत, आवाज, ड्रम्स, बेस वेगवेगळे रेकॉर्ड केलेल्या गाण्यांवरून कुठला आवाज कसा दिसतो हे शिकलेली असतात, त्यामुळे मोनोवरही चालतात. डग्ग्यासाठी त्यांच्यात वेगळा कप्पा नाही, माझ्याकडे तो अर्धा बेसमध्ये आणि अर्धा ड्रम्समध्ये जाऊन बसला, पण कराओकेसाठी आवाज सोडून बाकी सगळं परत एकत्रच करायचं असतं, तर बसेना कुठेही.

काकूंच्या वेळी हे काही नव्हतं. मी मर्यादा १६० वर ठेवली, त्यांनी मोबाईलवर ऐकून "अरे, ठेका कुठाय?" म्हणून विचारलं, पण मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर लावल्यावर डग्गा घुमला. एक गेलं नाही ते म्हणजे गायिकेच्या आवाजावरचा इको, तो दोन्ही बाजूंना वेगवेगळा पसरलेला असतो म्हणून वजाबाकीत सापडत नाही, त्यामुळे मागे कुठेतरी लांब ती पुसटशी गातच होती. काकू म्हणाल्या, राहू दे रे, सूर पकडायला बरी पडते.