ड्रायव्हर क्रॅश होतोय? आधी मशीन फॉरमॅट करू नका

नमस्कार. तुम्ही डिव्हाइस बनवता आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते डिव्हाइस विंडोज किंवा लिनक्सशी जोडणारा प्रोग्राम, तुमच्याच टीममधलं कोणीतरी लिहितं, अशांसाठी हे पत्रक आहे. आमचे बहुतेक ग्राहक अंधेरी एमआयडीसी, वागळे इस्टेट, महापे इथले छोटे उत्पादक आहेत, कोणी वजनकाटे बनवतं, कोणी डेटा लॉगर, कोणी दवाखान्यातली मशीनं. टीममध्ये ड्रायव्हर कळणारा माणूस एकच, तोही मूळचा फर्मवेअरवाला (डिव्हाइसच्या आतला प्रोग्राम लिहिणारा), आणि अडला की बाजूच्या टेबलावर विचारायला कोणी नसतं. त्याच्या बाजूला बसायचं हे आमचं काम. ड्रायव्हर तुमचा, कोड तुमचा, आम्ही क्रॅश कुठून येतोय ते शोधतो, दुरुस्ती कशी करायची ते तुमच्या माणसाला समजावतो, सायनिंग (ड्रायव्हरवरची डिजिटल सही) आणि टेस्टिंगमधून पार नेतो.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. ग्राहकाकडे ब्लू स्क्रीन आला की लोक काय करतात, मशीन रीस्टार्ट, ड्रायव्हर काढून परत टाकणं, नाहीतर सरळ विंडोज फॉरमॅट, आणि मग आम्हाला फोन. तोपर्यंत पुरावा गेलेला असतो. विंडोज पडताना स्वतःच्या मेमरीची नक्कल डिस्कवर लिहून ठेवतं, त्याला डम्प म्हणतात. मोठा डम्प विंडोजच्या फोल्डरमध्ये मेमरी डॉट डीएमपी नावाने असतो, छोटे डम्प मिनीडम्प फोल्डरमध्ये तारखेनुसार जमतात. मोठी फाइल पुढच्या क्रॅशला पुसून तिच्यावरच नवीन लिहिली जाते, डिस्कवर जागा कमी असेल तर विंडोज स्वतःच ती काढून टाकू शकतं, आणि क्लीनअप करणारी सॉफ्टवेअर्स तर ती कचरा समजूनच उडवतात. म्हणून क्रॅश झाला की पहिलं काम ती फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करणं. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये 'स्मॉल डम्प' निवडलेलं असेल तर 'कर्नल डम्प' (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) करून ठेवा, काही प्रकारचे क्रॅश छोट्या डम्पमधून उलगडतच नाहीत.

हे इतकं जीव तोडून का सांगतोय, तर एक किस्सा. एका ग्राहकाचं डेटा घेणारं यूएसबी कार्ड होतं, आणि त्यांच्या ग्राहकाकडे रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर ब्लू स्क्रीन. सगळ्यांनी आपापले अंदाज लावले, कोणी म्हणालं एसी बंद असतो म्हणून गरम होतं, कोणी म्हणालं दुपारी व्होल्टेज कमी होतं, शेवटी नवीन यूपीएस घेतला तरी तेच. आम्ही डम्प मागवला तर क्रॅशचा कोड ९एफ, म्हणजे पॉवरची रिक्वेस्ट ड्रायव्हरने अडवून ठेवली. माणसं जेवायला गेली की लॅपटॉप स्लीपमध्ये जायचा, विंडोज ड्रायव्हरला सांगायचं झोप आता, आणि ड्रायव्हर ती रिक्वेस्ट घेऊन एका लॉकसाठी (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या परवानगीसाठी) थांबून राहायचा, जो कधी सुटायचाच नाही. ९एफच्या डम्पमध्ये अडकलेल्या रिक्वेस्टचा पत्ता चौथ्या पॅरामीटरमध्ये मिळतो, तिथून मागे गेलं की तासाभरात ती ओळ सापडली. दोन महिने अंदाजात गेले होते.

डम्पइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे पीडीबी फाइल. तुम्ही ड्रायव्हर बिल्ड करता तेव्हा सोबत पीडीबी तयार होते, तिच्यात फंक्शनची नावं आणि ओळींचे नंबर असतात. ती नसेल तर डम्पमध्ये आम्हाला नुसते आकडे दिसतात. आणि 'तोच सोर्स आहे, परत बिल्ड करून देतो' असं म्हणून भागत नाही, प्रत्येक बिल्डची स्वतःची ओळख असते आणि ती जुळावी लागते. ग्राहकाकडे गेलेल्या प्रत्येक व्हर्जनची सिस फाइल (म्हणजे ड्रायव्हर स्वतः), पीडीबी आणि सोर्सचा टॅग (त्या व्हर्जनची खूण) एकत्र एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. सोर्स कोड आम्हाला सहसा लागतही नाही, डम्प आणि पीडीबीवर बरंचसं काम होतं.

विंडोजवर आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो तो क्रॅशचा कोड डी१. ड्रायव्हरने वरच्या आयआरक्यूएलवर (विंडोजमधली कामाच्या प्राधान्याची पातळी) असताना अशा मेमरीला हात लावला जी तेव्हा रॅममध्ये नव्हती किंवा आधीच फ्री झालेली होती. डिस्पॅच लेव्हलवर, म्हणजे अशाच एका वरच्या पातळीवर, असताना पेज फॉल्ट (रॅममध्ये नसलेली मेमरी डिस्कवरून आणायची वेळ) सोडवायला विंडोजला वावच नसतो, म्हणून ते सरळ पडतं. घरच्या मशीनवर रॅम भरपूर, सगळं रॅममध्येच राहतं, म्हणून तुमच्याकडे कधी दिसत नाही आणि ग्राहकाच्या ४ जीबीवाल्या पीसीवर रोज दिसतं. त्याच्या खालोखाल १३३, म्हणजे डीपीसी (हार्डवेअरने हाक दिल्यावर लगेच मागोमाग उरकायचं छोटं काम) फार वेळ चाललं. मायक्रोसॉफ्टची सूचना आहे की एक डीपीसी १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त चालू नये, आणि आम्ही असे ड्रायव्हर बघितलेत जे हार्डवेअरचं उत्तर येईपर्यंत डीपीसीमध्येच लूप फिरवत बसतात. हे काम वर्क आयटमला (मागे सावकाश चालणाऱ्या वेगळ्या कामाला) द्या, एवढं जरी केलंत तरी अर्धे कॉल कमी होतील.

ड्रायव्हर व्हेरिफायर वापरता का, हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो, आणि खूपदा उत्तर नाही असं येतं. विंडोजमध्येच येतं हे, फुकट आहे. तुमच्या ड्रायव्हरने मागितलेली मेमरी तो पानाच्या कडेला ठेवतो, एक बाइट जरी पुढे गेलात तरी तिथल्या तिथे क्रॅश, तीन दिवसांनी भलत्याच ड्रायव्हरच्या नावावर नाही. फक्त टेस्ट मशीनवरच चालू करा आणि फक्त तुमचाच ड्रायव्हर निवडा. सगळे ड्रायव्हर निवडले आणि मशीन बूटच होईना, असं झालं तर सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर रीसेट करायचा, घाबरायचं नाही. ग्राहकाच्या चालू मशीनवर मात्र कधीही नको.

लिनक्सवाल्यांसाठी. बोर्डवर लिनक्स चालवणारे ग्राहक वाढलेत, आणि तिथे डम्पऐवजी डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या संदेशांचा लॉग. आम्हाला शेवटची एरर पाठवू नका, पहिली पाठवा, पहिल्या ऊप्सनंतरचं (ऊप्स म्हणजे कर्नलने नोंदवलेली चूक) बरंचसं त्याच्यामुळेच आलेलं असतं. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवतात लोक, त्यात वरचा भाग निघून गेलेला असतो, त्यापेक्षा सीरियल केबल लावून पूर्ण लॉग घ्या. सोबत कर्नलचं नेमकं व्हर्जन आणि कॉन्फिग फाइल हवीच. वारंवार दिसणारा दोष एकच सांगतो, अ‍ॅप चालू असताना कोणी यूएसबी केबल उपटली, डिस्कनेक्टने मेमरी फ्री केली, आणि उघड्या फाइलकडून अजून त्याच मेमरीला हात लागतोय. टेस्ट कर्नलमध्ये केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलमधलंच साधन) चालू करून अ‍ॅप चालू असताना केबल शंभर वेळा काढा-घाला, मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली आणि नंतर कुठे वापरली, तिन्ही जागा तो छापून देतो.

आणि 'नवीन कर्नलवर कंपाइलच होत नाही' ही तक्रार. लिनक्स कर्नलच्या आतले इंटरफेस कायम तसेच राहतील असं वचन कोणी दिलेलंच नाही, हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. साधं उदाहरण, क्लास क्रिएट फंक्शनला आधी दोन आर्ग्युमेंट होती, कर्नल ६.४ मध्ये एक काढून टाकलं, आणि मुख्य कर्नलच्या बाहेर ठेवलेले किती ड्रायव्हर एका रात्रीत अडले. नवीन व्हर्जन साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतं, म्हणजे ही डोकेदुखी वर्षातून पाच-सहा वेळा. ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये घालता आला तर इंटरफेस बदलणाराच तुमचा कोडही बदलून देतो. पॅच (कोडमधला बदल) कसा लिहायचा, कोणाला पाठवायचा, मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारा) रागावला तर उत्तर काय द्यायचं, यात आम्ही तुमच्या सोबत असतो, पण पॅच तुमच्याच नावाने जातो.

आता सायनिंग, कारण यात सगळ्यात जास्त वेळ फुकट जातो. विंडोज १० च्या १६०७ व्हर्जनपासून, म्हणजे २०१६ पासून, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड मशीन सुरू होतानाच अडवणारी सोय) चालू असलेल्या नव्या मशीनवर नवीन कर्नल ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून साइन झालेलाच लागतो. पोर्टलवर खातं उघडायला ईव्ही सर्टिफिकेट (कंपनीची कडक तपासणी करून दिलेलं डिजिटल सर्टिफिकेट) लागतं, आणि १ जून २०२३ पासून कोड सायनिंगची प्रायव्हेट की (सही करायची गुप्त किल्ली) हार्डवेअर टोकनवर किंवा तसल्याच सुरक्षित मॉड्यूलमध्ये ठेवणं बंधनकारक आहे. सर्टिफिकेट देणारे कंपनीची कागदपत्रं, पत्ता, फोन सगळं तपासतात, त्यात जीएसटीच्या कागदावर एक पत्ता आणि बोर्डावर दुसरा असेल तर अडकलात. डिलिव्हरीच्या आठवड्यात हे सुरू करू नका, प्रोजेक्ट सुरू होतानाच अर्ज करा. आमच्या सर्टिफिकेटने तुमचा ड्रायव्हर साइन करून द्या अशी विनंती येते, ती आम्ही करत नाही, ड्रायव्हर ज्याचा त्याची सही. ग्राहकाच्या मशीनवर टेस्ट सायनिंग (खरी सही नसलेला ड्रायव्हर चालू देणारा मोड) चालू करून किंवा सिक्युअर बूट बंद करून भागवायलाही आम्ही मदत करत नाही, तुमचं डिव्हाइस विकत घेणाऱ्या माणसाचं मशीन आपण उघडं टाकून येतो त्यात. माल विंडोज सर्व्हरवर चालणार असेल तर नुसतं अटेस्टेशन (टेस्टचे निकाल न देता मिळणारी मायक्रोसॉफ्टची सही) पुरत नाही, एचएलकेच्या (मायक्रोसॉफ्टच्या हार्डवेअर टेस्ट संचाच्या) टेस्ट चालवाव्या लागतात, त्यासाठी आमच्याकडे सेटअप तयार आहे.

खरं तर खूप जणांना आम्ही सांगतो की तुम्हाला कर्नल ड्रायव्हर नकोच आहे. डिव्हाइस थोडा डेटा पाठवत असेल तर एचआयडी (कीबोर्ड-माऊसच्या जातीचं डिव्हाइस) म्हणून दाखवा, विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर आपोआप जोडला जातो. सीरियल पोर्टसारखं हवंय तर सीडीसी (त्यासाठीचा यूएसबीचा ठरलेला प्रकार), विंडोज १० पासून तेही आपोआप लागतं. वेगळा प्रोटोकॉल असेल तर फर्मवेअरमध्ये योग्य डिस्क्रिप्टर (डिव्हाइसची ओळख सांगणारी माहिती) टाका, विनयूएसबी (विंडोजचा तयार यूएसबी ड्रायव्हर) स्वतःहून जोडला जातो, आणि तुमचं सगळं काम साध्या अ‍ॅपमध्ये होतं जे पडलं तर फक्त अ‍ॅप पडतं. कर्नलमध्ये चूक झाली तर काय होतं ते १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी बघितलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या ड्रायव्हरला २० इनपुट मिळत होते आणि नव्या अपडेटमुळे तो २१वं वाचायला गेला, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन पडली, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. एवढ्या मोठ्या टीमचं हे होतं तर दोन माणसांच्या टीमने कर्नलमध्ये गरज असेल तेवढंच ठेवावं, हे आमचं ठाम मत आहे, त्यात आमचं बिल कमी होत असलं तरी.

डम्पबद्दल एक काळजी. डम्पमध्ये त्या क्षणी मशीनच्या मेमरीत जे होतं ते येतं, त्यात पासवर्ड असू शकतो, दवाखान्याचं मशीन असेल तर पेशंटची नावं असू शकतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर, ग्रुपवर, फुकटच्या फाइल शेअरिंगवर डम्प टाकू नका. आम्ही तुम्हाला अपलोडची लिंक देतो, फाइल एन्क्रिप्ट होऊन येते, केस बंद झाली की ३० दिवसांत पुसतो आणि पुसल्याचं मेलवर कळवतो. गोपनीयतेचा करार आधी सही करायचा असेल तर जरूर पाठवा, तुमचा नमुना चालतो.

पैशाचं सरळ आहे. डम्पवर पहिली नजर आणि अर्ध्या तासाचा कॉल मोफत, त्यात आम्ही काम किती तासांचं वाटतंय ते लिहून देतो, मग तासाप्रमाणे, वर १८ टक्के जीएसटी. सांगितलेल्या तासांपेक्षा जास्त लागणार असेल तर आधी फोन करून विचारतो, न विचारता मीटर चालत नाही. वर्षाचा करार घेतलात तर प्रॉडक्शन थांबलेलं असताना रात्रीही फोन उचलतो. दोष ड्रायव्हरमध्ये नसून हार्डवेअरमध्ये निघाला तर तेही आम्ही तसंच लिहून देतो, आणि ते बऱ्याचदा निघतं. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळतात, डिव्हाइस चालू होताना त्यापेक्षा जास्त ओढत असेल किंवा मध्ये स्वस्तातला हब असेल तर डिव्हाइस सारखं गायब होऊन परत येतं आणि शिव्या ड्रायव्हर खातो.

भेटायला यायचं असेल तर लॅमिंग्टन रोडला या, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत येता येतं, पावसात ट्रेन अडकल्या तर सांगा, कॉलवर करू. येताना ज्या मशीनवर क्रॅश झाला तेच मशीन, तेच डिव्हाइस आणि तीच केबल आणा. रस्त्यात नवीन केबल दिसेल, स्वस्त मिळेल, घ्या पाहिजे तर, पण जुनी टाकू नका, आम्हाला ती बघायची आहे.